आवड आहे ना, मग पैसे कशाला?

मागच्या शनिवारी आम्ही चौघं चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. कासला नाही. सप्टेंबरातल्या सुट्टीच्या दिवशी कासला फुलांपेक्षा माणसं जास्त, त्यामुळे आम्ही नेहमी पवनचक्क्यांच्या बाजूला सटकतो. आम्ही तिघं सॉफ्टवेअरवाले. म्हणजे आमचं वनस्पतीशास्त्र "वा, काय मस्त जांभळं आहे!" इथपर्यंत. चौथी माझी मावसबहीण, एमएस्सी बॉटनी.

आम्ही सोनकीचे आणि सीतेच्या आसवांचे फोटो काढत होतो, आणि ही बया खडकावर पालथी पडून, डोळ्याला भिंग लावून एका गवताकडे बघत होती. वीस मिनिटं! मी विचारलं, "काय गं, एवढं काय आहे त्यात?" तर म्हणाली, "दादा, फुलं काय सगळेच बघतात. हे गवत बघ. दोन जाती अगदी सारख्या दिसतात, फरक फक्त कणसातल्या केसांत आहे." मी भिंगातून बघितलं. मला केस दिसले. फरक दिसला नाही. :)

परत येताना गाडीत सहज विचारलं, "नोकरी काय म्हणते?" ती एका औषध कंपनीत क्यूए डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. बॅच रेकॉर्डवर सगळ्या सह्या झाल्यात का ते तपासते. "बरी आहे," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मग बराच वेळ गाडीत फक्त गाणी चालू होती.

हा लेख त्या गप्प बसण्याबद्दल आहे, कारण त्यात माझाही वाटा आहे.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी, एमएस्सी झाल्या झाल्या, तिला एका पर्यावरण संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळत होती. काम एकदम तिच्या आवडीचं. जंगलात ठरावीक चौकोन आखायचे, त्यातल्या वनस्पती ओळखून मोजायच्या, नमुने प्रेस करायचे, रात्री बसून एक्सेल भरायचं. मानधन शून्य. राहायची सोय संस्थेची, जेवण स्वतःचं, आणि "स्वतःची दुचाकी असल्यास प्राधान्य". तिने मला फोन केला. घरात कॉर्पोरेटमधला एकच दादा, त्यामुळे करिअरच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण! आणि मी काय सांगितलं? "पैशाकडे बघू नकोस गं. अनुभव बघ. आवड आहे ना तुला?"

अडीच महिने तिने ते केलं. काका एसटीच्या डेपोत, मावशी घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ डिप्लोमाला. पेट्रोल, जेवण, मोबाईल आणि एकदा घाटात फुटलेला टायर मिळून अठरा हजार गेले, ते मावशीने भिशीतून दिले. मग एका रात्री तिने घरी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली. संस्थेचा अहवाल पुढे छापून आला. त्यात तिच्या अडीच महिन्यांचा उल्लेख "स्वयंसेवकांच्या मदतीने" एवढाच.

आता माझी गोष्ट. मी इंजिनिअरिंग करून पहिल्या कंपनीत लागलो तेव्हा चार महिने ट्रेनिंग आणि नंतर दोन महिने बेंच. सहा महिन्यांत मी कंपनीसाठी एक ओळ लिहिली नाही. कॅन्टीनमध्ये खाल्लं, टेबल टेनिस सुधारलं, आणि दर महिन्याच्या तीस तारखेला पूर्ण पगार घेतला. मला कोणीही म्हणालं नाही, "कोडिंगची आवड आहे ना, मग पैसे कशाला?" कंपनीला माहीत होतं की नवशिक्याला शिकवायला खर्च येतो, आणि तो खर्च त्यांनी हिशोबात धरला होता.

मग झाडं ओळखायला शिकणाऱ्यांच्या बाबतीत हा खर्च कोणाच्याच हिशोबात का नसतो?

तो धरता येतो, याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेत आहे. (अमेरिकेचं कौतुक करायला बसलेलो नाही, पुढे त्यांचीही उणीदुणी काढणार आहे. थांबा जरा.) शिकागो बोटॅनिक गार्डनने २००१ मध्ये कॉन्झर्वेशन अँड लँड मॅनेजमेंट नावाची इंटर्नशिप सुरू केली. नुकत्याच कॉलेजमधून बाहेर पडलेल्या मुलामुलींना साधारण पाच महिने, पगार देऊन, सरकारी जमिनींवर कामाला पाठवायचं. सुरुवातीला ट्रेनिंग, मग नेमणूक. बहुतेक नेमणुका पश्चिमेकडच्या राज्यांतल्या आडगावांत. एक हजारावर तरुण या वाटेने गेले आहेत.

याची गरज का पडली ते बघण्यासारखं आहे. तिथल्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. महाराष्ट्राचं सगळं क्षेत्रफळ धरलं तर ७.६ कोटी एकर होतं. म्हणजे तीन महाराष्ट्र मावून वर थोडी उरेल इतकी जमीन एका खात्याकडे! आणि २०१० च्या एका पाहणीत दिसलं की या खात्यात साधारण ४० लाख एकरांमागे एक वनस्पतीतज्ज्ञ आहे. त्यातच पश्चिमेच्या कोरड्या प्रदेशात चीटग्रास नावाचं परकं गवत पसरलंय. ते लवकर उगवतं, लवकर वाळतं आणि पेट घेतं. आग लागली की तिथलं मूळचं सेजब्रश मरतं, ते बुंध्यापासून पुन्हा फुटत नाही, आणि मोकळ्या जागेत आणखी चीटग्रास येतं. पुढच्या वेळी आणखी मोठी आग. आमच्या भाषेत इन्फिनिट लूप.

हा लूप तोडायचा तर जळलेल्या जमिनीवर तिथलंच मूळचं बियाणं पेरावं लागतं. ते दुकानात मिळत नाही, कोणीतरी रानात जाऊन गोळा करावं लागतं. त्यासाठी २००१ मध्येच लंडनच्या क्यू गार्डनच्या बीजबँकेबरोबर 'सीड्स ऑफ सक्सेस' हा उपक्रम सुरू झाला, आणि या इंटर्न मुलांचं एक मोठं काम म्हणजे हीच बीजगोळणी. नियम बघा. एका संग्रहासाठी किमान ५० वेगवेगळ्या झाडांवरून बी घ्यायचं, साधारण १०,००० बिया तरी व्हायला हव्यात, आणि त्या दिवशी तिथे तयार असलेल्या बियांपैकी २० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत, म्हणजे निसर्गाचा वाटा निसर्गाला राहतो. सोबत जागेची जीपीएस नोंद आणि वाळवून प्रेस केलेला नमुना.

आता विचार करा. बी पिकलंय का हे बघायला एकाच टेकडीवर तीन-चारदा जायचं. जात चुकली तर हजारो बिया चुकीच्या नावाने बँकेत जाणार. हे काम "हौस म्हणून शनिवार-रविवारी येऊन जा" असं होतं का? नाही होत. हे काम आहे, आणि कामाला पगार असतो. इतकं साधं आहे.

उणीदुणी काढणार म्हणालो होतो, तर तीही. ही इंटर्नशिप मुख्यतः सरकारी पैशावर उभी. आणि सरकारी पैशाचं काय होतं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसलं, जेव्हा तिथल्या वनसेवेतल्या आणि राष्ट्रीय उद्यानांतल्या हजारो नव्या कर्मचाऱ्यांना एका झटक्यात घरी पाठवलं गेलं. म्हणजे पहिली पायरी पक्की बांधली तरी वरची पायरी कोणीतरी काढून घेऊ शकतो. हे लक्षात ठेवू, कारण आपल्याकडेही तोच प्रश्न येणार आहे.

आता आपल्याकडे बघू. आपल्याकडे काम कमी आहे का? पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. कंदीलपुष्पांच्या कित्येक जाती जगात फक्त इथेच सापडतात, त्यातल्या काही बोटावर मोजण्याइतक्या कड्यांवर. संस्था नाहीत का? भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे, आघारकर संस्था आहे, मुंबईत झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. दरवर्षी एमएस्सी होऊन बाहेर पडणारी मुलंही आहेत.

मध्ये फक्त एक खड्डा आहे. नेट पास होऊन जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं. चांगले पैसे आहेत. पण एमएस्सीची मार्कशीट आणि जेआरएफ यांच्यामधली दोन-तीन वर्षं, जेव्हा हात खऱ्या अर्थाने बसतो, त्या काळात कोण पोसणार? तिथे "अनुभव मिळेल" हे उत्तर आहे. त्यात २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिपला क्रेडिट्स आली. आता मुलं क्रेडिटच्या पत्रासाठी संस्थांच्या दारात रांग लावतात, आणि फुकट मिळणाऱ्या हातांना पैसे देण्याचं संस्थांनाही काही कारण उरत नाही.

याचा पहिला परिणाम म्हणजे चाळणी लागते. फुकट काम कोण करू शकतं? ज्याचं पुण्यात घर आहे, ज्याचे आईवडील "कर बेटा, दोन वर्षं काढ" म्हणू शकतात. पाटण किंवा आजऱ्याच्या गावातून आलेली पोरगी, जिने लहानपणी गुरांमागे फिरताना खरपुडीचे कंद उकरून खाल्लेत, जिला गवतांची नावं आजीकडून माहीत आहेत, ती पहिल्याच फेरीत बाद. ज्ञान ज्यांच्या घरात आहे त्यांनाच आपण बाहेर ठेवतो आणि मग परिसंवादात "स्थानिकांचा सहभाग वाढला पाहिजे" म्हणतो. ग्रेटच!

दुसरा परिणाम कामाच्या दर्जावर. फुकट काम करणाऱ्याला "ही नोंद चुकली आहे, उद्या परत जाऊन बघ" असं कोणत्या तोंडाने सांगणार? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. माधव गाडगीळांसारख्यांनी गावोगाव बसून ही कल्पना घडवली. वर्षानुवर्षं ती रेंगाळली, शेवटी हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत दिली, पुढे राज्यांना महिना दहा लाखांचा दंड लावायचं ठरवलं, आणि मग धडाधड वह्या भरल्या गेल्या. दंडाच्या धाकाने भरलेल्या वहीचा दर्जा काय असतो, हे ज्याने मार्चएंडला रात्री अकरा वाजता टाईमशीट भरली आहे त्याला मी सांगायची गरज नाही.

मग काय करता येईल? शेवटी इंजिनिअर आहे, एक्सेल उघडल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्रात ३५८ तालुके. प्रत्येक तालुक्यात दोन वनस्पती-इंटर्न, म्हणजे ७१६ जण. जून ते नोव्हेंबर, सहा महिने, कारण आपल्याकडचं बरंचसं फुलणं-फळणं तेव्हाच उरकतं. महिना १५,००० मानधन आणि ५,००० प्रवासखर्च. गुणाकार केला तर होतात ८ कोटी ५९ लाख रुपये. देखरेखीला जवळच्या कॉलेजातले बॉटनीचे प्राध्यापक, नमुने तपासायला पुणे-कोल्हापूरची हर्बेरियमं. काम काय? आपल्या तालुक्यातल्या नोंदवह्या प्रत्यक्ष फिरून तपासायच्या, नमुने आणि बिया ठेवायच्या.

८ कोटी ५९ लाख हा आकडा मोठा वाटतो का? २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि वनस्पती-प्राण्यांचं संरक्षण त्या यादीत आहे. ४३० कोटी नफा कमावणाऱ्या एकाच कंपनीच्या २ टक्क्यांत हे सगळं बसतं. अशा कंपन्या हिंजवडी ते बीकेसी किती आहेत ते तुम्हीच मोजा. आमच्या कंपनीत दर पावसाळ्यात वृक्षारोपण असतं. कंपनीचे टी-शर्ट, बॅनर, बस, नाश्त्याची पाकिटं, आणि पुढच्या मेपर्यंत बरीचशी रोपं वाळलेली. ते टी-शर्टचे पैसे इकडे वळवा म्हणतोय मी, बाकी काही नाही.

आणि सरकारला हे नवीन नाही. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. त्याच वर्षी केंद्राने बड्या ५०० कंपन्यांसाठी महिना ५,००० ची इंटर्नशिप जाहीर केली. म्हणजे "शिकणाऱ्याला पैसे द्यायचे" हे तत्त्व मान्य झालंय. फक्त त्यात बॉटनीवाल्याने कुठे बसायचं? तहसील कचेरीत झेरॉक्स काढत बसण्यापेक्षा त्याला सड्यावर पाठवा ना.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत, कारण त्यातले निम्मे मीच पूर्वी घेतलेत.

"संस्थांकडे पैसेच नसतात." अगदी खरं. लहान संस्था एका ग्रँटवरून दुसऱ्या ग्रँटवर उड्या मारत जगतात, आणि तिथले मोठेही कमीच पगार घेतात. त्यांना खलनायक करायचं नाही मला. पण ग्रँटच्या अर्जात जीपचं डिझेल लिहिता, कॅमेरा ट्रॅपच्या बॅटऱ्या लिहिता, मग इंटर्नचं जेवण का लिहीत नाही? आपण मागतच नाही, त्यामुळे देणाऱ्यालाही वाटतं की हे काम असंच फुकटात होतं.

"मग काय स्वयंसेवा बंद करायची?" छे! मी स्वतः महिन्यातून एक रविवार टेकडीवर रानमोडी उपटायला जातो. फरक साधा आहे. मला कंटाळा आला तर मी चहा प्यायला निघून जातो. जिथे वेळ दुसरा ठरवतो, काम दुसरा तपासतो, अहवालावर नाव दुसऱ्याचं असतं आणि मधेच सोडून जाता येत नाही, त्याला नोकरी म्हणतात.

"सहा महिने संपल्यावर काय?" हा सगळ्यात खरा आक्षेप. युवा प्रशिक्षण योजनेतल्या मुलांनी २०२५ मध्ये मोर्चे काढले तेही याच प्रश्नावर, आणि अमेरिकेतला प्रकार वर सांगितलाच. याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. इंटर्नशिप म्हणजे नोकरी नव्हे, आणि नोकऱ्या वाढल्याशिवाय हे अर्धवटच राहील. पण सहा महिने पोटभर जेवून, नीट शिकवलेली मुलगी नेटला बसते किंवा प्रोजेक्टला अर्ज करते तेव्हा तिच्या हातात दोनशे शीट्सचं काम असतं. अडीच महिन्यांत कर्ज घेऊन परतलेलीच्या हातात काय असतं?

आणि थोडं विषयांतर, पण राहवत नाही म्हणून. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा जो ग्रंथ आजही आपल्याकडचे अभ्यासक उघडतात, तो लिहिणारा थिओडोर कुक हा मुळात इंजिनिअर! १८६० मध्ये रेल्वेच्या कामावर इथे आला, वसईचा पूल बांधला, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, वर्षानुवर्षं प्राचार्य होता. ग्रंथ छापून झाला तो निवृत्तीनंतर, १९०८ मध्ये पूर्ण. आवड जबरदस्तच असणार. पण ती आवड आयुष्यभर पगारावर पोसली गेली होती हे विसरायला नको.

अशा ग्रंथांत एक छान पद्धत असते. नमुना गोळा करणाऱ्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह असलं तर त्याचा अर्थ, लेखकाने तो नमुना स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी चिखलातून चालत जाऊन ते रोप आणलं, आणि त्याचं नाव तिथे राहिलं. "स्वयंसेवकांच्या मदतीने" नाही, नाव.

शनिवारी उतरताना बहिणीने ते गवत पिशवीत घेतलं होतं. रात्री पुण्यात आमच्या डायनिंग टेबलवर जुन्या लोकसत्ताच्या घड्यांत घालून, वर माझी जाडजूड जावाची पुस्तकं ठेवून दाबलं. (त्या पुस्तकांचा इतक्या वर्षांत झालेला सर्वोत्तम उपयोग.) सोमवारी पहाटेच्या गाडीने ती ड्युटीवर गेली. जाताना म्हणाली, "दादा, रोज कागद बदल हं, नाहीतर बुरशी येईल."

रोज बदलतोय. तिला दिलेल्या त्या सल्ल्याबद्दल अजून सॉरी म्हणालेलो नाही. या शनिवारी फोन करणार आहे.